गाय माज दाखवते पण गाभण राहत नाही, सारखी उलटते

गोठेवाला:
नमस्कार मंडळी, संकरित गाय आहे, दुसऱ्या वेताची, दूध चांगलं, खाणंपिणं व्यवस्थित, माज (गाभण राहण्याचा काळ) पण बरोबर २१ दिवसांनी येतो पण भरवली (रेतन केलं) की उलटतेच, म्हणजे पुन्हा माजावर येते. मागच्या वेळी व्यायल्यावर वार (वासरानंतर पडणारा जार) अडकली होती, त्याचा काही संबंध असेल का? कुणी म्हणतं हॉर्मोनचं इंजेक्शन मारा, कुणी म्हणतं विकून टाका. विकायची अजिबात इच्छा नाही, गाय फार गुणी आहे.

पशुवैद्य:
संबंध असू शकतो, मी तर आधी तिकडेच बघेन. वार अडकली की गर्भाशयात इन्फेक्शन राहून जातं आणि गाय बाहेरून एकदम ठणठणीत दिसते. पुढच्या माजाला सोट (माजात येणारा चिकट स्राव) नीट निरखून बघा, काचेसारखा स्वच्छ आणि तार धरणारा असेल तर ठीक, पण गढूळ असला किंवा त्यात पांढरे-पिवळे कण दिसले तर त्या माजाला भरवू नका, स्रावाची तपासणी करून आधी गर्भाशयाचा इलाज करून घ्या. आणि माजावर येऊन उलटणारी गाय वेगळी, माजावरच न येणारी वेगळी, दोघींना एकच इंजेक्शन कसं चालेल? प्रोस्टाग्लँडिन (माजावर आणायचं हॉर्मोन) चुकून गाभण गाईला दिलं तर गर्भ पडतो, त्यामुळे तपासल्याशिवाय कुणाला टोचू देऊ नका.

कालवडवाला:
भरवता कधी ते पण सांगा ना. अंडं माज संपल्यावर साधारण १०-१२ तासांनी सुटतं, म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवायची. बरेच जण माजानंतर एक-दोन दिवसांनी शेपटीला रक्त दिसलं की मग रेतनवाल्याला फोन करतात, तोवर वेळ निघून गेलेली असते. त्या रक्तावरून गाय फळली (गाभण राहिली) की नाही हेही कळत नाही.

दुधाळ:
खनिज मिश्रण देता का? जास्त दुधाची गाय व्यायल्यावर खाते त्यापेक्षा जास्त दुधात घालवते, अंगावरचं उतरतं, मग गर्भ कुठून धरणार.

गोठेवाला:
खनिज मिश्रण कधी देतो कधी राहतं. भरवायचं म्हणाल तर माज दिसला की लगेच रेतनवाल्याला बोलावतो. आणि मागच्या वेळी सोट जरा गढूळच होता, तेव्हा लक्ष दिलं नाही. वळूकडे नेऊन बघू का?

पशुवैद्य:
वळूकडे आत्ता अजिबात नको, तो तपासलेला नसेल तर दुसरा रोग घेऊन याल. गढूळ सोट म्हणताय म्हणजे बहुतेक दुखणं तिथेच आहे, पुढचा माज रिकामा जाऊ दे. खनिज मिश्रण रोज चालू करा. आणि प्रत्येक माजाची तारीख लिहून ठेवा, २१ च्या आसपास उलटली तर गर्भ धरलाच नाही किंवा अगदी सुरुवातीला गेला, २५-३० दिवसांच्या पुढे गेली तर धरून मग गेला असण्याची शक्यता जास्त, तपासणाऱ्याला या तारखांचा फार उपयोग होतो.