आजच्या हवेवरून तीस वर्षांपूर्वीचा रेडॉन कसा ठरवणार?

मृण्मयी: फुप्फुसाच्या कर्करोगाच्या अभ्यासात महत्त्वाचा रेडॉन (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू) म्हणजे निदानाआधीच्या साधारण ५ ते ३० वर्षांत श्वासावाटे आत गेलेला. संशोधक मात्र आज घरात डिटेक्टर लावतात आणि वर्षभराची सरासरी मागच्या काळाला चिकटवतात. दरम्यान खिडक्या बदललेल्या असतात, तळघर बंदिस्त झालेलं असतं, माणसाने घरंही बदललेली असतात. रेडॉनचं अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) जेमतेम ३.८ दिवस, तेव्हाचा वायू केव्हाच नाहीसा झाला. माझ्या मते हवेऐवजी काच मोजायला हवी. रेडॉनपासून पोलोनियम बनतं, त्याच्या क्षयाच्या धक्क्याने अणू काचेत रुततात आणि त्यातून शिसे-२१० तयार होतं, ज्याचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं आहे. फोटोफ्रेमची काच माणसाबरोबर घरोघर फिरते, त्यामुळे सगळ्या घरांचा हिशेब एकाच जागी मिळतो.

विवेक_जे: मला हे पटत नाही. सिगारेटचा धूर असलेल्या घरात रेडॉनपासून झालेले अणू धुराच्या कणांना चिकटून हवेतच राहतात, काचेवर कमी बसतात. म्हणजे जिथे धूम्रपान जास्त, तिथे काच रेडॉन कमी दाखवणार. आणि या रोगाचं सर्वांत मोठं कारण तर धूम्रपानच! हवेच्या मोजणीतली चूक रुग्ण आणि निरोगी, दोन्ही गटांत बहुधा सारखीच होते. तुमच्या काचेतली चूक रोगाच्या कारणालाच बांधलेली आहे.

सई: विवेक, ‘सारखी’ चूकही निरुपद्रवी नसते, ती धोका दडवते. २००५ च्या युरोपीय एकत्रित विश्लेषणात १३ अभ्यासांतले ७,१४८ रुग्ण होते. मोजलेल्या आकड्यांवर दर १०० बेकरेल (किरणोत्साराचं एकक) प्रति घनमीटरमागे धोका ८.४ टक्के वाढलेला दिसला, मोजणीतली अनिश्चितता हिशेबात घेतल्यावर १६ टक्के. जवळजवळ दुप्पट!

विवेक_जे: तेच तर म्हणतोय, हवेतली चूक गणिताने दुरुस्त करता येते. अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या अभ्यासात तर २० वर्षं त्याच घरात राहिलेल्या स्त्रियाच घेतल्या आणि कोणत्या मजल्यावर किती वेळ जातो तेही विचारलं.

मृण्मयी: पण ती दुरुस्ती वर्षागणिक होणाऱ्या चढउतारांची, घराची डागडुजी तीत येत नाही. आणि २० वर्षं एका घरात राहणाऱ्यांवरच थांबलं, तर वारंवार घर बदलणाऱ्यांचं काय? अमेरिकेतल्याच मिसुरी राज्यातल्या १९९९ च्या अभ्यासात हवेच्या मोजणीत संबंध दिसला नाही, काचेच्या मोजणीत दिसला. तुमचा धुराचा मुद्दा मात्र खरा आहे, म्हणून प्रत्येक घरात कोण, किती वर्षं सिगारेट ओढत होतं, याची नोंद काचेसोबत घ्यावीच लागेल.

विवेक_जे: मग आधी धूरच नसलेल्या घरांत दोन्ही पद्धती शेजारी शेजारी लावून पाहा. तिथे जुळल्या, तर मी काचेला विरोध करणार नाही.