चर्चा: मंडळीशिवाय (चर्चशिवाय) ख्रिस्ती जीवन जगता येतं का?

सातपुडा_नवापूर
"प्रार्थना माझ्या खोलीत करतो, उपदेश मोबाइलवर ऐकतो, मग दर रविवारी मंडळीत कशाला जायचं?" असं एका तरुण भावाने विचारलं. आधार दिला मत्तय ६:६ चा, दार लावून एकांतात प्रार्थना करण्याचा. मला हे अजिबात पटत नाही.

एकांत हवाच. प्रभू स्वतः डोंगरावर जायचा. पण खाली उतरून यायचा तो बारा शिष्यांत, आणि त्या बारांत सत्तेसाठी कर वसूल करणारा जकातदार मत्तय होता नि शिमोन जिलोत, म्हणजे परकी सत्तेचा कट्टर विरोधक, तोही. एकमेकांच्या दारात पाऊल टाकणार नाहीत अशी ही माणसं त्याने एकाच ताटावर बसवली.

बाप्तिस्मा स्वतःचा स्वतःला देता येत नाही. प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर नि द्राक्षरस घेणं, हीही एकट्याने उरकायची गोष्ट नाही. करिंथच्या मंडळीत या भोजनाला पैसेवाले आधी जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे. त्यावर प्रेषित पौल किती संतापला ते करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ११ व्या अध्यायात वाचा. एकमेकांसाठी थांबा, असं त्याने बजावलं. मोबाइलवर कुणासाठीच थांबावं लागत नाही.

आमच्याकडे मयत झाली की मंडळीतली पोरं कबर खणायला कुदळ-फावडं घेऊन येतात, बाया रात्रभर गीतं म्हणतात. कुणी चिंचपाड्याच्या दवाखान्यात अ‍ॅडमिट असलं की घरून डबा पोचतो, रात्री सोबतीला कुणीतरी झोपतं. गलतीकरांस पत्रात एकमेकांची ओझी वाहायला सांगितलंय, ते हेच.

केळीपट्टा_रावेर
भाऊ, तुम्ही लिहिलेलं खरं आहे, पण अर्धंच. माझ्या ओळखीतल्या एका ताईला नवऱ्याने टाकलं. मंडळीत चार लोकांसमोर तिलाच प्रश्न विचारले गेले. ती यायची बंद झाली. त्यानंतर तिच्या घरी कोण गेलं? कुणीही नाही. आज ती पहाटे उठून एकटीच वचन वाचते, आणि तिचा विश्वास माझ्यापेक्षा पक्का आहे. तिला "तू मंडळीत येत नाहीस म्हणजे तुझं ख्रिस्ती जीवन अपुरं" असं सांगायला माझी जीभ रेटत नाही.

दशमांश (कमाईचा दहावा भाग) कुणी किती दिला, कुणाच्या मुलीचं कुठे जुळलं, कोण कुठल्या भाऊबंदकीतला, याची मोजदाद म्हणजे सहभागिता नाही. प्रकटीकरण लिहिणारा योहान पात्मोस बेटावर मंडळीपासून दूरच होता. देव तिथेही बोलला.

सातपुडा_नवापूर
ताई, तिच्याबाबतीत दोष मंडळीचा, तिचा नाही. हे मी स्पष्ट लिहितो. पण योहानाला पात्मोसवर जे दिसलं ते त्याने लिहून पाठवलं कुणाला? आशियातल्या सात मंडळ्यांना. त्यांतल्या पाच मंडळ्यांचे दोष त्यात काढलेत, तरी पत्र त्यांनाच आहे.

भांडणं तर यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीतही झाली. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. प्रेषितांनी तक्रार दाबली नाही. सात जण नेमले, आणि प्रेषितांची कृत्ये ६ मधली त्या सातांची नावं बघा, सगळी ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटप दिलं, असंच मला त्यातून दिसतं. आपल्या मंडळीच्या पंचांमध्ये टाकलेल्या बायांच्या बाजूने बोलणारी एक तरी बाई आहे का? हा प्रश्न मी माझ्या मंडळीत मांडणार आहे.

भुसावळ_जंक्शन
रेल्वेच्या बदल्यांमुळे आमच्या आळीत तमिळ, मल्याळी, गोव्याकडचे, मराठी सगळे ख्रिस्ती एकत्र राहिलो. पंथ वेगळे, तरी नाताळचा फराळ एकच. मला ख्रिस्ती झालेले मराठी कवी ना. वा. टिळक आठवतात. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, पण एकटे बसले नाहीत. 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. संस्थेवर नाराज माणसाने काय करावं याचं उत्तर मला तिथे मिळतं.

केळीपट्टा_रावेर
टिळक पुरुष होते, नावाजलेले कवी होते. त्यांच्या हाकेला माणसं जमली. त्या ताईच्या हाकेला कोण येईल? आधी मंडळीने तिच्या दारात जाऊन माफी मागावी, मग सहभागितेचं बोलू. यावरून मी हटणार नाही.

कोयता_अक्कलकुवा
दोघांचंही वाचलं. आमचे आईबाप दिवाळीनंतर गुजरातमध्ये ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्यातच परततात. तेवढे महिने गावच्या मंडळीत आमची नावं गैरहजर. पण पडावावर (ऊसतोडीच्या मुक्कामावर) आम्ही पाच-सहा कोपी, म्हणजे झोपड्यांतली माणसं, रात्री एकत्र बसतो, कुणाचं पोर तापाने फणफणलं तर त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना करतो, दवाखान्याला पैसे गोळा करतो. पाळक नाही, प्रभुभोजन नाही. मंडळी आहे की नाही ते तुम्ही ठरवा, आम्ही तर आहे म्हणतो. मोबाइलवरचा उपदेश आम्हीही ऐकतो, एकाच फोनभोवती बसून. तो भाऊ एकट्याने ऐकतो, एवढाच फरक.

सातपुडा_नवापूर
मंडळी आहे. त्यात शंका नको. आणि प्रभुभोजनाविना तुम्हांला अर्धं वर्ष राहावं लागतं ही आम्हां गावात राहणाऱ्यांची चूक आहे. नवापूरहून गुजरातची हद्द किती लांब? आमच्या पाळकसाहेबांशी बोलतो.

कोयता_अक्कलकुवा
बोला भाऊ. यंदा बारडोलीच्या बाजूला असू. आलात तर रविवारी रात्री या. सकाळी तोड चालू असते.