एका चोरलेल्या बेसचं एवढं कौतुक का? (बोस्टन रेड सॉक्स, २००४)

मुक्ता_माल्डन

नमस्कार मंडळी. मी गेल्या वर्षी पुण्याहून बोस्टनला आले. आमच्या प्रयोगशाळेतल्या एक ज्येष्ठ बाई रेड सॉक्स या इथल्या बेसबॉल संघाच्या मोठ्या भक्त आहेत. परवा त्या मला संघाच्या फेनवे पार्क मैदानावर घेऊन गेल्या. वाटेत २००४ च्या विजेतेपदाचा विषय निघाला आणि बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, सगळं त्या एका चोरलेल्या बेसनं बदललं.

घरी येऊन व्हिडिओ पाहिला. एक माणूस पहिल्या बेसवरून दुसऱ्याकडे पळतो, पालथा घसरतो, उठून कपडे झटकतो. चेंडूला बॅट लागलेली नाही, धावही निघालेली नाही. संघ पुढे २००७, २०१३ आणि २०१८ लाही जिंकला. मग लोक इतक्या वर्षांनी याच चार सेकंदांसाठी का रडतात? आणि 'चोरी' नियमात बसते का? मला क्रिकेट कळतं, बेसबॉलची पाटी कोरी आहे.

सॉमरव्हिलचा_भाडेकरू

मुक्ताताई, तुमच्या त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. मी तेव्हा इथे शिकत होतो. सॉमरव्हिलमधल्या एका तिमजली लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही चार मराठी मुलं राहायचो. तळमजल्यावर घरमालक, वय ८३, एकटेच. आम्ही त्यांना 'आजोबा'च म्हणायचो, आणि या शब्दाचा अर्थ कळल्यावर ते त्याला ओ द्यायला लागले. बेसबॉल मला त्यांनी शिकवला, म्हणून त्यांच्याच बाजूनं सांगतो.

रेड सॉक्सनी १९१८ मध्ये विजेतेपद मिळवलं होतं. नंतर मालकानं बेब रूथ हा खेळाडू न्यूयॉर्कच्या यांकीज संघाला विकला. ती बातमी जानेवारी १९२० मध्ये जाहीर झाली. तिथून २००४ पर्यंत यांकीजची २६ विजेतेपदं झाली आणि बोस्टनचं एकही नाही. आजोबांचा जन्म १९२१ चा. १९४६, १९६७, १९७५, १९८६: चार वेळा संघ वर्ल्ड सिरीजला, म्हणजे विजेतेपदाच्या लढतीला पोचला आणि चारही वेळा सातव्या, म्हणजे शेवटच्या सामन्यात हरला. आजोबा ही वर्षं आपल्याकडे लोक दुष्काळाची वर्षं सांगतात तशी सांगायचे. २००३ मध्ये वर्ल्ड सिरीजच्या अलीकडच्या फेरीत यांकीजविरुद्ध पुन्हा सातवा सामना, बरोबरीमुळे वाढलेल्या अकराव्या डावात त्यांच्या आरन बूनचा होम रन (आपल्या षटकारासारखा), खेळ खलास.

२००४ चा संघ त्या जखमेवरच उभा राहिला होता. टेरी फ्रँकोना नवा मॅनेजर (मुख्य प्रशिक्षकासारखा), ॲरिझोनाहून पिचर, म्हणजे गोलंदाज, कर्ट शिलिंग, शेवटचे डाव सांभाळायला कीथ फोक. ३१ जुलैला मात्र शहराचा लाडका नोमार गार्सियापारा शिकागोला देऊन टाकला. आजोबा त्या दिवशी आमच्याशी बोलले नाहीत. बदल्यात ओर्लँडो काब्रेरा आणि डग मिंटकेविच आले. त्याच दिवशी, कुणाचं फारसं लक्ष नसताना, लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडून डेव्ह रॉबर्ट्सही आला. पळण्यात तरबेज, पण नेहमीच्या नऊ जणांत त्याला जागा नव्हती.

हंगाम ९८ विजय, ६४ पराभवांवर संपला. वर्ल्ड सिरीजच्या अलीकडच्या फेरीत पुन्हा यांकीज समोर, सातपैकी चार जिंकायचे. पहिले दोन सामने गेले. तिसरा १६ ऑक्टोबरला फेनवेवरच, १९-८ अशा धुलाईनं गेला. ३-० नं मागे पडून सात सामन्यांची लढत जिंकलेला एकही संघ मेजर लीगच्या इतिहासात नव्हता.

आता चोरी. बेस म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यांवरच्या जागा; पहिला, दुसरा, तिसरा करत फलंदाजाच्या जागी, म्हणजे 'घरी' परतलं की एक धाव. चोरी पूर्ण नियमात बसते. नॉन-स्ट्रायकर क्रीज सोडून चार पावलं पुढे सरकतो, तसा पहिल्या बेसवरचा माणूस सरकतो. पिचरनं फलंदाजाकडे चेंडू टाकायची हालचाल सुरू केली की जीव खाऊन नव्वद फूट पळायचं. कॅचर, म्हणजे आपला यष्टिरक्षक, चेंडू झेलून दुसऱ्या बेसकडे फेकतो. चेंडू आधी पोचून तुम्हाला टेकवला गेला तर बाद. तुम्ही कधी आट्यापाट्या खेळला असाल तर त्याची गंमत लगेच कळेल. पाटी धरणाऱ्याचं वजन कुठल्या पायावर आहे हे बघून निसटायचं.

१७ ऑक्टोबर, रविवारची रात्र. नववा, म्हणजे बरोबरी नसेल तर शेवटचा डाव. यांकीज ४-३ नं पुढे. त्यांचा पिचर मारियानो रिव्हेरा, अशा क्षणी ज्याच्याविरुद्ध धाव काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. केव्हिन मिलारनं चार बाहेरचे चेंडू सोडून पहिला बेस मिळवला. फ्रँकोनानं त्याच्या जागी रॉबर्ट्सला पाठवलं.

रॉबर्ट्स कशासाठी आलाय हे मैदानातल्या शेवटच्या माणसालाही माहीत होतं. मला तरी सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. रिव्हेरानं लागोपाठ तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकून त्याला परत पळायला लावलं. एकदा तर थोडक्यात वाचला. थंडीत तासन्‌तास बसून राहिलेला माणूस, आणि पाय घसरला तर हंगाम तिथेच संपणार. तरी रिव्हेराचा पहिलाच चेंडू फलंदाजाकडे निघाला आणि रॉबर्ट्स सुटला. यांकीजचा कॅचर पोसाडा, त्याचा थ्रो उत्तम होता. दुसऱ्या बेसवर चेंडू घेणाऱ्या जीटरचा हात पडायच्या आत याचा हात बेसला लागला, अगदी वीतभर अंतरानं.

धाव निघाली नाही हे खरं. पण लगेच बिल म्युलरनं पिचरच्या बाजूनं मधून चेंडू काढला आणि रॉबर्ट्स दुसऱ्या बेसवरून घरी आला. पहिल्यावर असता तर त्या फटक्यावर फार तर तिसऱ्यापर्यंत गेला असता. ४-४. बाराव्या डावात डेव्हिड ओर्टिझनं होम रन मारून सामना संपवला, मध्यरात्र केव्हाच उलटली होती.

आजोबांनी हे पाहिलंच नाही. ते प्रत्येक सामन्याची नोंद पेन्सिलीनं एका वहीत ठेवायचे. त्या रात्री आठव्या डावानंतर वही मिटून झोपायला गेले होते. बरोबरी झाल्यावर आम्ही वर जो धिंगाणा घातला त्यानं जागे झाले आणि स्लिपर घालून तीन जिने चढून आले. मला वाटलं आता ओरडणार. त्यांनी दारातूनच विचारलं, "कोण पळालं?"

नकलबॉल_प्रेमी

सुंदर लिहिलंत, पण एका माणसाचं नाव राहिलं. रेड सॉक्सचा पिचर टिम वेकफील्ड. २००३ मध्ये बूनचा तो होम रन याच्याच चेंडूवर गेला होता. चौथ्या सामन्याची सुरुवात करायची त्याची पाळी होती. तिसऱ्या सामन्यात मार पडत असताना बाकीच्या पिचरांना विश्रांती मिळावी म्हणून त्यानं आपण होऊन ती पाळी सोडली आणि हरलेल्या सामन्यात तीनहून अधिक डाव टाकले. तो उतरला नसता तर चौथा सामना बारा डाव खेचायला पिचर उरले असते का? पाचव्या सामन्यात बाराव्यापासून चौदाव्यापर्यंत त्यानंच टाकलं, एकही धाव दिली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो गेला तेव्हा मी दिवसभर अस्वस्थ होतो. कौतुक चोरीचं जरूर करा, पण माझ्या लेखी तो संघ वेकफील्डचा.

सॉमरव्हिलचा_भाडेकरू

मान्य, अगदी मनापासून मान्य. आजोबाही हेच म्हणाले असते.

मुक्ताताई, पुढचं भरभर सांगतो. पाचवा सामना ५-४, चौदा डाव, पावणेसहा तासांच्या वर. त्यातही आठव्या डावात रॉबर्ट्सच मिलारसाठी पळायला आला आणि बरोबरीची धाव त्याचीच. शेवटचा फटका पुन्हा ओर्टिझचा. चौथा सामना मध्यरात्रीनंतर संपला असल्यानं दोन्ही विजयी फटक्यांची तारीख एकच पडते, १८ ऑक्टोबर. सहाव्यात शिलिंग घोट्याला टाके घालून उतरला, मोज्यावर रक्त दिसत होतं. सातवा १०-३, तोही न्यूयॉर्कमध्ये. वर्ल्ड सिरीजमध्ये सेंट लुईसला सरळ ४-० नं हरवलं. तिथे रॉबर्ट्सला एकदाही मैदानात उतरावं लागलं नाही. हाच रॉबर्ट्स पुढे डॉजर्सचा मॅनेजर म्हणून विजेता झाला.

शेवटचा सामना २७ ऑक्टोबरला होता. त्या रात्री कोजागरी होती आणि वर खग्रास चंद्रग्रहण. आम्ही दूध आटवून ठेवलं होतं, पण माझ्या खोलीतल्या मित्राच्या आईनं सांगलीहून फोनवर बजावलं होतं की ग्रहण सुटेपर्यंत कुणी तोंडाला लावायचं नाही. फोकनं चेंडू अडवून मिंटकेविचकडे टाकला, सामना संपला, तेव्हा चंद्र अजून तांबडाच होता. आजोबा आमच्या सोफ्यावर बसून होते. ग्रहण सुटल्यावर एकच्या सुमाराला त्यांनी आमच्याबरोबर केशर घातलेलं दूध घेतलं. बायकोला हे सांगायला सकाळी जायचंय, म्हणाले. ती १९९१ मध्ये गेली होती. मी त्यांच्याबरोबर दफनभूमीत गेलो. त्यांनी तिथे काय सांगितलं ते ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर उभा राहिलो.

मुक्ता_माल्डन

वाचून झाल्यावर व्हिडिओ पुन्हा लावला. या वेळी ते तीन थ्रो आधी पाहिले. रॉबर्ट्स परत आल्यावर दर वेळी तेवढाच पुढे सरकतो, एक इंचही कमी नाही. ती वही आहे का अजून?

सॉमरव्हिलचा_भाडेकरू

आजोबा २००६ मध्ये गेले. वही त्यांच्या मुलीकडे आहे, त्या पानाची झेरॉक्स माझ्याकडे आहे. आठव्या डावापर्यंत त्यांचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर आहे. नववा डाव मी लिहिला, कुठली खूण कुठे हे त्यांनी सांगितलं तसा: मिलारच्या चौकोनात रॉबर्ट्सचं नाव, दुसऱ्या बेसच्या रेघेवर चोरीची खूण. बाराव्या डावात ओर्टिझच्या चौकोनातला हिरा (होम रनची खूण) मात्र त्यांनी स्वतः भरला. पेन्सिल इतकी दाबून भरलाय की मूळ वहीत तो मागच्या पानावर उठलाय.

बाईंना पाहायची असेल तर दोघी रविवारी या. मी अजून सॉमरव्हिललाच राहतो.