इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आणि आगीचा धोका

प्रश्न (शिरपूर): फवारणी पंपासाठी आणलेला पेट्रोलचा कॅन आमच्याकडे अनेक घरांत कापसाच्या ढिगाजवळच ठेवलेला असतो, आणि मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, तर धोका कमी होतो का?

उत्तर (जळगाव): नाही, भाऊ. हे मिश्रण पेट्रोलइतकेच जपून हाताळावे. शुद्ध इथेनॉलची वाफ सुमारे १३ अंश सेल्सिअसपासून ठिणगीने पेटू शकते, पेट्रोलची मात्र उणे ४० अंशांच्या आसपासही पेटते. परंतु हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असतानाच पेटते, तर इथेनॉलची ३.३ ते १९ टक्के. त्यामुळे बंद टाकीत पेट्रोलची वाफ बहुधा इतकी दाट असते की पेटायला हवा पुरत नाही, पण शुद्ध इथेनॉलच्या टाकीत नेहमीच्या तापमानाला ती नेमकी पेटण्याजोगी असू शकते. दोन्ही वाफा हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतात. कापसाजवळचा तो कॅन आजच हलवा.

उत्तर (अमळनेर): विझवण्यातला फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पेट्रोल पाण्यावर तरंगत आग पसरवते. इथेनॉल पाण्यात मिसळते, पण आग विझवायचा साधा फेस ते फोडून टाकते, म्हणून इथेनॉलच्या टँकरला अल्कोहोलरोधक फेसच लागतो. शिवाय शुद्ध इथेनॉलची फिकट निळी ज्योत आपल्याकडच्या भर उन्हात जवळजवळ दिसत नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. कॅन गोठ्यापलीकडच्या मोकळ्या, सावलीच्या शेडमध्ये हलवतो.