ठसका लागला नाही म्हणून निर्धास्त राहू नका

गिळताना श्वासनलिकेच्या तोंडावर एपिग्लॉटिसचं झाकण पडतं हे बरोबर, पण ‘ठसका लागला नाही म्हणजे श्वासनलिकेत काही गेलं नाही’ असं जे म्हटलं जातं ते मला अजिबात पटत नाही. स्वरयंत्र वर उचललं जातं, स्वरतंतू मिटतात, श्वास क्षणभर थांबतो. तरीही काही निसटलं तर खोकला येतो. त्याची संवेदना व्हेगस नर्व्हच्या (मेंदूतून घशाकडे आणि छातीकडे येणाऱ्या नसेच्या) शाखेतून जाते आणि पक्षाघातानंतर ती बोथट होऊ शकते. मग पाणी, लाळ गुपचूप फुप्फुसात उतरते, न्यूमोनियाही होतो.

माझ्या सासऱ्यांना ठसका कधीच लागत नसे. चहानंतर आवाज मात्र ओला, गुळण्या करताना येतो तसा यायचा. स्पीच थेरपिस्टने नेमकं तेच पकडलं. घरात असा रुग्ण असेल तर कृपा करून आडवं ठेवून पाणी पाजू नका, आणि घोटानंतर दोन शब्द बोलायला लावून आवाज ऐका.