आत्ताचं तत्त्वज्ञान वाचून जगायचं कसं हे कळतं का?

कृष्णाकाठ, सांगली
बीएला फिलॉसॉफी घेतलीय. ॲरिस्टॉटलपर्यंत बरं चाललं होतं, माणसानं कसं वागावं यावर ती लोकं बोलत तरी होती. विसाव्या शतकात आलो तर नुसता कीस पाडणं चाललंय, नैतिक विधान खरंखोटं असू शकतं का वगैरे. आजोबांचं आपलं हरिपाठ, वारी, कुणाचं वाईट चिंतू नये, विषय संपला. खरंच कुणाला यातनं काही मिळालंय का?

वाईकर
ही तक्रार तत्त्वज्ञांनीच करून ठेवलीय. ॲन्सकोम्ब म्हणून तत्त्वज्ञ बाई होत्या, त्यांनी 1958 च्या लेखात कांट, मिल अशा आधीच्या बड्या तत्त्वज्ञांना झोडपलं, की देवाचा कायदा मानायचा नाही आणि 'केलंच पाहिजे' ही भाषा मात्र तिथलीच वापरायची, हे कसं चालेल. तत्त्वज्ञ आयरिस मर्डॉक वाच. तिनं उदाहरणात घेतलेली सासू तर आपल्या गल्लीतली वाटते: सून तिला गावंढळ वाटते पण वागायला ही एकदम गोड, कुणाला पत्ता नाही. मग स्वतःशीच म्हणते, मी जळते म्हणून तर ती मला अशी दिसत नाही ना, आणि परत नीट बघायला लागते तर तीच पोरगी साधी, मोकळी वाटायला लागते. बाहेरनं काहीच बदललं नाही, तरी मर्डॉकच्या मते सासूनं मोठं नैतिक काम केलं.

मिरजेचा_काका
तत्त्वज्ञ पीटर सिंगर राहिला की. 1972 चा लेख, समोर पोरगं बुडत असेल तर कपडे खराब होतील म्हणून थांबाल का, आणि मग लांब उपाशी मरणाऱ्याला का सोडता. 2019 ला आपल्याकडं पाणी शिरलं तेव्हा कुठनं कुठनं लोकांनी गाड्या भरून सामान पाठवलं, त्यांनी कुठं सिंगर वाचला होता म्हणा. पण प्रश्न बोचतो.

द्राक्षबाग_तासगाव
सासूचं लै भारी, घरात वाचून दाखवायची हिंमत नाही. सार्त्र या फ्रेंच तत्त्वज्ञावर मात्र माझा राग आहे. भाऊ युद्धात मारला गेलेला एक पोरगा त्याला विचारायला आला, आईजवळ राहू का लढायला जाऊ, तर हा म्हणतो तू मोकळा आहेस, तूच ठरव. अरे मग तुझ्याकडं आला कशाला तो! मलापण पुण्याची नोकरी का घरची बाग हे ठरवायचं होतं, तेव्हा असलं उत्तर कुणी दिलं असतं तर उठून आलो असतो.

वाईकर
पुढचं वाच ना, सल्ला कुणाला विचारायचा हे निवडतानाच आपण निम्मं ठरवलेलं असतं असं म्हणतो तो. तू कुणाला विचारलंस?

द्राक्षबाग_तासगाव
मामाला. त्याची स्वतःचीच बाग आहे, हाहा. बरं, ती मर्डॉक मराठीत मिळते का?