परभणीहून भायखळ्याला आलोय : गुडघे दुखणाऱ्या सासऱ्यांना आणि आठ वर्षांच्या मुलीला चालत कुठं नेता येईल?

सेलूची लेक

नमस्कार. मे महिन्यात मिस्टरांची बदली झाली आणि आम्ही परभणीहून भायखळा पूर्वेला रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला आलो. मिस्टर, मी, तिसरीतली मुलगी आणि माझे सासरे. सासूबाई मागच्या वर्षी गेल्या, त्यामुळे मामांना गावात एकटं ठेवायची आमची तयारी नव्हती.

मामांचं वय चौऱ्याहत्तर. सगळा जन्म सेलू तालुक्यात शेती केली. सकाळी दुधनेच्या कडेनं एक चक्कर, मग अकरा वाजेपर्यंत मारुतीच्या पारावर लिंबाखाली बसणं, हा त्यांचा दिवस. इथं तीन महिने झाले, गॅलरीतून दारापर्यंत आणि दारातून गॅलरीपर्यंत एवढंच चालणं आहे. परवा मला म्हणाले, "पोरी, इथं पार कुठाय?" मला काही सांगता आलं नाही. रात्री झोप लागली नाही मला.

फोनवर शोधलं की गेटवे, मरीन ड्राइव्ह आणि मॉलच येतात. तिथं एकदा जाऊन येऊ. मला रोजचं हवंय. फार तर पाऊण-एक किलोमीटर, मध्ये बसायला जागा, लोकलची गर्दी नको. गावाकडं ऑटोत बसवलं की झालं, इथं रिक्षाच नाहीत हे आल्यावर कळलं. मुलीलाही काहीतरी बघायला मिळालं तर बरं. शेजारी चांगले आहेत, पण सगळे सकाळी आठला निघतात ते रात्री नऊला येतात, विचारणार कुणाला? जुन्या माणसांनी सांगावं.

---

बीटवरचा माणूस

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मी माझगाव-भायखळ्यात पस्तीस वर्षांहून जास्त टपाल वाटलं, आता निवृत्त आहे. वडील लालबागला गिरणीत होते. या भागाच्या गल्ल्या मला पायानं माहीत आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या मामांचा पार राणीच्या बागेत आहे. आता तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण टॅक्सीवाल्याला राणीची बाग म्हटलं की पुरतं. भायखळा पूर्वेला तुम्ही कुठंही राहत असलात तरी चालत येईल इतकी जवळ. लोक तिथं प्राणी बघायला जातात. तुम्ही मामांना झाडांसाठी न्या. बाग १८६१ सालची, तेव्हापासूनची वनस्पती-बाग आहे ती. बागेचा नवा आराखडा आला होता तेव्हा ही झाडं जाऊ नयेत म्हणून मुंबईतल्या काही बायकांनी वर्षानुवर्षं झगडून ती राखली. त्या झाडांखाली बसलं की मला त्यांची आठवण येते.

आत गोरखचिंच आहे, तिचा बुंधा मामांना हात लावून बघू द्या. कैलासपतीला खोडावरच फुलं येतात, तेही दाखवा. आणि हिवाळा सरता सरता उर्वशी फुलते. लाल-पिवळ्या फुलांचे घोस खाली लोंबतात. मूळ ब्रह्मदेशाकडचं झाड. मी दर वर्षी एक सकाळ तिच्यासाठी काढून ठेवतो. शेतकरी माणसाला पिंजऱ्यातल्या वाघापेक्षा हे जास्त बोलेल असं मला मनापासून वाटतं. मुलीला पेंग्विन आवडतीलच. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आणले, पुढच्या मार्चपासून लोकांना बघायला मिळाले. शनिवार-रविवारी तिथं रांग असते, मुलीची शाळा सकाळची असेल तर मधल्या वारी दुपारी न्या.

लक्षात ठेवा, बुधवारी बाग बंद. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर उघडी असते आणि मग दुसऱ्या दिवशी बंद. तिकीटखिडकी संध्याकाळी बाग बंद व्हायच्या बरीच आधी मिटते.

बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. मुंबईतलं सगळ्यात जुनं, १८७२ साली उघडलं. तेव्हा राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या नवऱ्याचं नाव होतं, १९७५ मध्ये भाऊ दाजींचं दिलं. भाऊ दाजी डॉक्टर होते, कुष्ठरोगावर औषध शोधत राहिले, आणि हे संग्रहालय उभं राहावं म्हणून जगन्नाथ शंकरशेट यांच्याबरोबर झटले. आत हिरव्या-सोनेरी खांबांखाली कपाटांमध्ये मातीच्या लहान लहान बाहुल्या आहेत. वेगवेगळ्या जातीजमातींची, धंद्यांची माणसं, त्यांचे पोशाख, त्यांची पागोटी. घाई करू नका तिथं. मी नोकरीत असताना जेवणाच्या सुट्टीत कधी कधी फक्त पागोटी बघायला जायचो. हेही बुधवारी बंदच.

संग्रहालयाच्या बाजूला उघड्यावर दगडी हत्ती आहे. मुलीला त्याची गोष्ट सांगा. हा घारापुरीचा हत्ती. यालाच बघून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायला उचललं आणि उचलताना तो पडून फुटला. तुकडे इथं आणले, आणि १९१४ मध्ये ते पुन्हा जोडून उभा केला. नीट बघितलं तर सांधे दिसतात. बागेतच काळा घोडाही आहे, म्हणजे घोड्यावर बसलेला सातवा एडवर्ड. ज्याच्यावरून फोर्टातल्या त्या भागाला नाव पडलं तो पुतळा १९६५ मध्ये इकडे हलवला. नाव तिकडे राहिलं, घोडा आपल्याकडे आला.

एक दिवस सगळं उरकू नका. पहिल्या दिवशी एक बाक, एक झाड. बस्स.

---

माथारपाखाडी

पोस्टमन काकांनी बागेचं छान सांगितलं, मी माझगावच्या टेकडीकडचं सांगते. मी ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती समाजातली, माझगावच्या माथारपाखाडीत जन्मले, शाळेत शिकवत होते. आमच्या घरात मराठीच बोलतात.

डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ भंडारवाड्याची टेकडी आहे, तिच्यावर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान. पूर्वी तिथं माझगावचा किल्ला होता, १६८९ मध्ये सिद्दी याकुतनं तो घेतला आणि १६९० मध्ये पाडून टाकला. पुढे १८८४ मध्ये इंग्रजांनी त्या जागी पाण्याचा जलाशय केला. म्हणजे तुम्ही गवतावर बसता आणि पायाखाली शहराचं पाणी असतं. वरून बंदर दिसतं, माझगाव डॉकच्या क्रेन दिसतात, जिथं नौदलाच्या युद्धनौका आणि पाणबुड्या बांधतात. खाली हार्बरची गाडी वळण घेत जाते. माझ्या वर्गातली मुलं तिथं नेली की अर्धा तास एकही आवाज नसायचा. चढ आहे, तेव्हा मामांना टॅक्सीनं जितकं वर जाता येईल तितकं न्या, आणि आधी एकट्या जाऊन बाग उघडी आहे ना, बाक कुठं आहेत, ते बघून या.

नाव ज्यांचं दिलंय ते काका बाप्टिस्टा आमच्याच पाखाडीतले, १८६४ चा जन्म. लोकमान्यांचे वकील, मित्र. १९१६ मध्ये टिळकांनी होमरूल लीग काढली तिचे पहिले अध्यक्ष हे. १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झाले. आमच्या मुलांना हे पुस्तकात कधी वाचायला मिळालं नाही, म्हणून मी प्रत्येक वर्गाला सांगत आले.

माथारपाखाडीही बघा. लाकडी जिने, कौलं, मधोमध क्रूस. पण ताई, ही लोकांची राहती घरं आहेत. हल्ली कॅमेरे घेऊन येतात आणि कुणाच्या ओट्यावर बसून फोटो काढतात, आत म्हातारी माणसं जेवत असतात. तुम्ही मुलीला घेऊन या, दारात कुणी दिसलं तर "बघायला आलो" म्हणा. पाणी विचारल्याशिवाय कुणी सोडणार नाही.

आणि मुलीसाठी आणखी एक : नवाब टँक रोडवर चिनी लोकांचं देऊळ आहे, १९१९ चं. बाहेरून साध्या घरासारखं, दोन मजली. बंदरावर काम करणाऱ्या चिनी खलाशांची इथं वस्ती होती. आता फार थोडी घरं उरलीत. त्यांच्या नव्या वर्षाला, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत, लाल कंदील लागतात. त्या रात्री न्या तिला.

---

लालबागची वहिनी

मी थोडंच लिहिते. ताई, तुम्ही मराठवाड्याच्या, तुम्हाला काळा मसाला लागणार. लालबागच्या मसाला गल्लीत या. मार्च ते मे खरा हंगाम, पण दुकानं वर्षभर असतात. मिरची निवडून घ्यायची, गरम मसाला तिथंच भाजून मिळतो, आणि डंकावर समोर उभं राहून कुटून घ्यायचा. प्रमाण तुमचं सांगा, ते तसंच करतात. माझ्या शेजारणी कोल्हापूरच्या, साताऱ्याच्या, कोकणातल्या, प्रत्येकीचं प्रमाण वेगळं आणि कुटणारा एकच. सासऱ्यांना मात्र नेऊ नका, ठसक्यानं जीव जातो. जवळच चिवड्याची गल्ली आहे, मुलीला तिथं न्या.

---

सेलूची लेक

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू! पंधरा दिवसांनी लिहितेय, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

काकांनी सांगितल्याप्रमाणे मंगळवारी सकाळी मी आणि मामा दोघंच गेलो. मुलगी शाळेत. वाटेत दोनदा थांबलो. आत गेल्यावर मामा काही बोललेच नाहीत, नुसते वर बघत होते. गोरखचिंचेला हात लावला आणि म्हणाले, "हिला किती वर्षं झाली असतील?" मला माहीत नव्हतं. मग एका बाकावर बसवलं आणि मी पाण्याची बाटली भरायला गेले.

परत आले तर शेजारी एक आजोबा बसलेले आणि मामा बोलत होते! तीन महिन्यांत घराबाहेरच्या कुणाशी मी त्यांना इतकं बोलताना बघितलं नव्हतं. ते आजोबा मूळचे साताऱ्याकडचे, काळाचौकीला राहतात, गिरणीत ब्लो रूमला होते. मला ब्लो रूम म्हणजे काय ठाऊक नव्हतं. कापसाच्या गाठी आल्या की पहिल्यांदा तिथं फोडतात, त्यांनी सांगितलं. मामा म्हणाले, "आमचा कापूस जिनिंगला घातला की पुढं कुठं जातो ते आम्हाला कधी कळलंच नाही." आजोबा म्हणाले, "आणि आमच्याकडं गाठ यायची ती कुणाच्या रानातनं आली ते आम्हाला कळायचं नाही." त्यानंतर धाग्याची लांबी, सरकी, कवडी, १९८२ चा संप, मग दोघांचे गुडघे. पावणेबारा वाजले. मला स्वयंपाकाला उशीर झाला आणि मी उठवलं नाही.

आता एक दिवसाआड जातात. आजोबाही येतात. शनिवारी आम्ही सगळे संग्रहालयात गेलो. मुलगी दगडी हत्तीचे सांधे शोधत होती. मामा मातीच्या बाहुल्यांपुढं थांबले ते हललेच नाहीत, एकेकाकडं बोट दाखवून तिला सांगत होते की हा काय करतो, हा कसा बसतो, ह्याच्या हातात काय आहे. टेकडीवर अजून नेलं नाही. मी एकटी जाऊन बाक बघून आले, बाईंनी सांगितलं तसं. दिवाळीनंतर थंडीत नेईन. मसाल्याला मार्चमध्ये येतेच, वहिनी.

आता एक नवी अडचण आहे. काल रात्री जेवताना मामा विचारत होते, "उद्या बुधवार ना? मग उद्या कुठं?"

---

बीटवरचा माणूस

ताई, वाचून फार बरं वाटलं. मी १९८४ ला नोकरीला लागलो तेव्हा संपाला दोन वर्षं झाली होती. चाळींमधली कितीतरी पत्रं "पत्ता सोडून गेले" असा शेरा मारून मी परत पाठवलीत. त्या आजोबांना माझा नमस्कार सांगा, त्यांच्या काळाचौकीत माझी बीट नव्हती, पण ओळखीचं कुणी निघेलच.

बुधवारचं सांगतो. भायखळा स्टेशनच बघा. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती याच रुळांवरनं. स्टेशनची जुनी दगडी इमारत काही वर्षांपूर्वी नीट दुरुस्त केली, रंगाचे थर खरवडून आतला दगड आणि लाकूड बाहेर काढलं. त्या कामाला २०२२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. हजारो माणसं रोज तिच्यासमोरून धावतात आणि मान वर करत नाहीत. सकाळची गर्दी ओसरली की, म्हणजे अकराच्या पुढं, फलाटाचं तिकीट काढून बसायचं. सावली आहे, पाणी आहे, जिना चढायचा नाही अशा बाजूनं आत यायचं. तुमचे मिस्टर रेल्वेतलेच, ते दाखवतील.

तिथून निघताना जमलं तर टॅक्सीनं पुलाखालचा खडा पारशी दाखवा. ओतीव लोखंडाचा उंच खांब, वर पागोटं घातलेला पारशी गृहस्थ, खाली हातात दिवे घेतलेल्या चार मत्स्यकन्या. दोन्ही बाजूंनी उड्डाणपूल गेल्यामुळे तो दिसेनासा झालाय, २०१४ मध्ये साफ करून घेतला. मुलीला सुट्टी असेल त्या दिवशी न्या, तिला मत्स्यकन्या आवडतील.

येत्या बुधवारी साडेअकराला मी स्टेशनच्या जुन्या इमारतीजवळ बाकावर असेन. हातात खाकी कापडी पिशवी असते माझ्या, अजून सुटली नाही ती. मामांना घेऊन या. दुधना नदी मी बघितलेली नाही, त्यांच्याकडून ऐकेन.